मुलांना गुरुत्वाकर्षण समजावताना: आधी ‘खाली’, मग ‘ओढ’, नाव त्यानंतर

‘वस्तू खाली का पडते?’ असे मुलाने विचारले की आपण बहुतेक वेळा एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतो: गुरुत्वाकर्षणामुळे. मूल तो शब्द लक्षात ठेवते, पुढच्या वेळी तोच म्हणून दाखवते आणि त्याला विषय कळला असा आपला समज होतो. पण त्याच मुलासमोर पृथ्वीचे चित्र ठेवून गोलाच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला दगड सुटला तर कुठे जाईल, असे विचारले, तर त्याचे बोट बहुधा कागदाच्या खालच्या कडेकडे, म्हणजे पृथ्वीपासून दूर जाते. शब्द आला, पण त्यामागचे चित्र जुनेच राहिले.

ही चूक इतक्या वेळा होते याचे कारण आपण सुरुवातच चुकीच्या जागेवरून करतो. मुलाची पहिली अडचण बळाबद्दल नसते, ती ‘खाली’ या शब्दाबद्दल असते. जोपर्यंत ‘खाली’ म्हणजे पायांच्या दिशेला असलेली, सगळ्या जगाला एकच असणारी दिशा, असे मूल मानते, तोपर्यंत चंद्र, अंतराळवीर, ग्रह यांबद्दल सांगितलेले सर्व काही त्या समजुतीवर रचले जाते आणि पुढे कोसळते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. एखादा टप्पा सोपा वाटला तरी वगळू नये, कारण प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा पाया आहे.

## तयारी

साहित्य साधे आहे: एक मोठा चेंडू किंवा पृथ्वीगोल, थोडी चिकणमाती, दोरा, एक छोटे वजन, एकसारखे दोन कागद, एक जाड पुस्तक, दोन नाणी, एक पट्टी, आणि वरून उघडा असलेला कागदी किंवा प्लास्टिकचा पेला. मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण करता येत असेल तर चौथ्या टप्प्यात त्याचा फार उपयोग होतो.

वेळेचे नियोजन साहित्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सगळे टप्पे एका बैठकीत उरकू नयेत. एका वेळी वीस मिनिटे पुरेशी असतात, आणि दोन बैठकांमध्ये एखाद-दोन दिवस गेले तर मूल मधल्या काळात स्वतः वस्तू टाकून, फेकून, निरखून पाहते. माझ्या मते हा मधला काळ बैठकीइतकाच मोलाचा असतो.

वयाचा अंदाज असा धरावा: पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी पहिले तीन टप्पे पुरेत. आठ ते दहा वर्षांची मुले पाचव्या टप्प्यापर्यंत आरामात येतात. सहावा आणि सातवा टप्पा अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ठेवावा. घाई करून लहान मुलाला चंद्राच्या कक्षेपर्यंत नेल्याने काही साधत नाही.

सर्व प्रयोगांना लागू असलेला एक नियम आधीच ठरवून घ्यावा. वस्तू हातातून सोडण्यापूर्वी मुलाने काय होईल ते सांगायचे आणि शक्य असेल तर कागदावर काढायचे. अंदाज न बांधता पाहिलेला प्रयोग मुले नुसती करमणूक म्हणून पाहतात. निकाल काहीही लागला तरी ‘मला माहीतच होते’ असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. अंदाज कागदावर असला की तो आणि निकाल यांतली तफावत त्यांना स्वतःला दिसते, आणि ती दिसल्यावर ती आपणहून कारण शोधू लागतात.

सावधगिरी: अंदाज चुकला म्हणून हसू नये आणि लगेच दुरुस्तही करू नये. ‘असे का वाटले?’ एवढेच विचारावे. कारण ऐकल्याशिवाय नेमकी कोणती समजूत दुरुस्त करायची आहे ते आपल्याला कळत नाही.

## टप्पा १: मुलाच्या मनातले चित्र बाहेर काढावे

कागदावर एक मोठे वर्तुळ काढून ही पृथ्वी आहे असे सांगावे. वर, खाली, उजवीकडे आणि डावीकडे अशा चार जागी एकेक माणूस मुलालाच काढायला सांगावा. मग प्रत्येकाच्या हातातला दगड सुटला तर तो कुठे जाईल, ते बाणाने दाखवायला सांगावे. शेवटी प्रत्येकाच्या हातात पाण्याने अर्धी भरलेली बाटली काढून बाटलीत पाणी कुठे असेल ते रंगवायला लावावे.

या एका चित्रातून बरेच काही समजते. काही मुले माणसांची डोकी कागदाच्या वरच्या कडेकडेच ठेवतात, त्यामुळे तळाचा माणूस हवेत लटकल्यासारखा दिसतो. काही मुले माणसे बरोबर उभी करतात, पण दगड मात्र कागदाच्या खालच्या कडेकडे पाठवतात. काही मुलांच्या मनात तर पोकळ गोल असतो आणि माणसे त्याच्या आतल्या सपाट जमिनीवर राहतात. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या मनातली पृथ्वीची अशीच चित्रे नोंदवली होती: सपाट चकती, पोकळ गोल, किंवा आकाशात एक गोल पृथ्वी आणि पायाखाली दुसरी सपाट जमीन. ही चित्रे म्हणजे अडाणीपणा नव्हे. जमीन सपाट दिसते आणि पृथ्वी गोल आहे असे मोठी माणसे सांगतात, या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा तो मुलाचा प्रामाणिक प्रयत्न असतो.

या टप्प्यात काहीही शिकवायचे नाही. चित्रावर तारीख घालून ते जपून ठेवावे. शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

## टप्पा २: ‘खाली’ म्हणजे नेमके कुठे

मोठ्या चेंडूवर चिकणमातीच्या चार-पाच लहान बाहुल्या वेगवेगळ्या जागी, पाय चेंडूला टेकलेले राहतील अशा चिकटवाव्यात. नंतर दोऱ्याला वजन बांधून ओळंबा तयार करावा आणि खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी धरून तो कोणती दिशा दाखवतो ते मुलाला पाहू द्यावे. ओळंबा ‘खाली’ची दिशा दाखवतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पटले पाहिजे.

मग चेंडूवरच्या एका बाहुलीकडे बोट करून विचारावे: ‘हिने ओळंबा धरला तर त्याचे वजन कुठे जाईल?’ मूल चुकले तर चेंडू फिरवून ती बाहुली सर्वांत वर आणावी आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. वर आलेल्या बाहुलीच्या पायाखाली चेंडू आहे, हे ते लगेच सांगते. आता दुसरी बाहुली वर आणावी, मग तिसरी. चार-पाच वेळा असे केल्यावर प्रत्येक बाहुलीचे ‘खाली’ चेंडूच्या मध्याकडे जाते, हे मूल बहुधा आपण सांगण्यापूर्वीच बोलून दाखवते. तेव्हाच वाक्य स्पष्ट करावे: ‘खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे आणि वर म्हणजे मध्यापासून दूर.’

येथे थांबावे. कशामुळे, कोणते बळ, हे आत्ता नको. मराठीत आपण ‘खाली’ हा शब्द जमिनीवर, तळमजल्यावर, नकाशाच्या दक्षिण भागात आणि कागदाच्या तळाशी, अशा सर्व अर्थांनी वापरतो, त्यामुळे हा शब्द मोकळा व्हायला आपल्याला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो.

नेहमीची चूक: चेंडूवर पाणी ओतून ‘पाहा, समुद्र सांडत नाही’ असे दाखवण्याचा प्रयत्न. पाणी अर्थातच चेंडूवरून जमिनीवर सांडते, कारण खोलीतल्या प्रत्येक वस्तूला खरी पृथ्वी ओढत असते. चेंडू हा फक्त दिशा समजण्यासाठी आहे, तो काही जाणवण्याइतका ओढत नाही, हे मुलाला सांगूनच पुढे जावे.

तपासणी: पृथ्वीच्या आरपार बोगदा खणला आणि त्यात दगड सोडला, तर मध्यापाशी पोहोचेपर्यंत तो ‘खाली’ जातो; मध्य ओलांडल्यावर तो ‘खाली’ जात असेल की ‘वर’? मूल थोडे थांबून ‘वर’ म्हणाले, तर पुढे जाण्यास हरकत नाही.

## टप्पा ३: ओढ जाणवून द्यावी

मुलांना वाटते की पडणाऱ्या वस्तूलाच काहीतरी खाली नेते, आणि टेबलावर शांत ठेवलेल्या वस्तूवर काहीच काम करत नाही. ही समजूत हाताने मोडावी लागते. मुलाच्या पसरलेल्या तळहातावर जाड पुस्तक ठेवून हात स्थिर धरायला सांगावे. मिनिटाभरात हात दुखू लागतो. पुस्तक तर हलत नाही, मग हात कशाशी झुंजतो आहे? पुस्तकाला पृथ्वी सतत खाली ओढते आणि हात तेवढ्याच जोराने वर ढकलतो. टेबलही हेच करते, फक्त त्याला दमायला होत नाही.

यानंतर चेंडू सरळ वर उडवून विचारावे: अगदी वरच्या टोकाला, जेथे चेंडू क्षणभर थांबतो, तेथे ओढ आहे का? बरीच मुले ‘नाही’ म्हणतात. तेथे ओढ नसती तर चेंडू तेथेच राहिला असता, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे. वर जाताना, थांबताना आणि परत येताना ओढ तेवढीच असते. वर जाताना ती वेग कमी करते, येताना वाढवते.

या टप्प्यात ‘ओढ’ हाच शब्द वापरावा. ‘आकर्षण’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर लोहचुंबक येतो, आणि एकदा तो आला की सहज जात नाही. तरी मुलाने चुंबकाचा विषय काढलाच तर फरक सांगून टाकावा: चुंबक मोजक्या पदार्थांनाच ओढतो आणि दुसऱ्या चुंबकाला दूरही ढकलू शकतो, पृथ्वीची ओढ मात्र लाकूड, पाणी, हवा, माणूस अशा प्रत्येक गोष्टीवर असते आणि ती दूर कधीच ढकलत नाही.

फुग्याचा प्रश्न येथेच येतो. वर जाणाऱ्या फुग्यालाही पृथ्वी खाली ओढतच असते. पण भोवतालची हवा त्या फुग्याहून जड असते, ती त्याच्या खाली शिरते आणि त्याला वर ढकलते. पाण्याखाली दाबून धरलेला चेंडू सोडला की उसळून वर येतो, तसेच हे आहे.

## टप्पा ४: जड आणि हलके

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. जड वस्तू लवकर पडते, ही समजूत मोठ्यांमध्येही टिकून असते, आणि पीस व दगड यांचा रोजचा अनुभव तिला दुजोराच देतो. म्हणून ‘सर्व वस्तू एकाच वेळी पडतात’ असे नुसते सांगितले तर मुलाला आपले म्हणणे त्याच्या अनुभवाविरुद्ध वाटते, आणि त्याचे ते वाटणे योग्यच असते. प्रयोग पुढील क्रमाने करावेत.

पहिला: एकसारखे दोन कागद घ्यावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्याचा घट्ट बोळा करावा. दोन्हींचे वजन सारखेच आहे हे मुलाकडून वदवून घ्यावे आणि मग दोन्ही एकाच उंचीवरून सोडावेत. बोळा आधी पडतो. वजन सारखे असूनही फरक पडला, म्हणजे फरक वजनाचा नाही. मग कशाचा? सपाट कागदाला हवा जास्त अडवते.

दुसरा: जाड पुस्तक आणि कागदाचा तोच बोळा एकत्र सोडावा. या वेळी वजनात खूप फरक आहे, तरी दोन्ही जवळजवळ एकदमच पोहोचतात. दीड मीटर उंचीवरून पडायला अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नये. मुलाला डोळे मिटून आवाज ऐकायला सांगावे: एक आवाज आला की दोन? संथ गतीचे चित्रीकरण येथे कामी येते.

प्रयोगांचा हा क्रम उलटवू नये. पुस्तक आणि बोळा आधी टाकले तर मूल म्हणते, ‘बोळा केल्यामुळे कागद जड झाला.’ ही समजूत खरोखर आढळते, आणि ती पहिल्या प्रयोगाआधी वजन वदवून घेतल्यानेच दूर होते.

आता खरा प्रश्न येतो: जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते हे तर आपण हाताने अनुभवले, मग ती लवकर का पडत नाही? हा प्रश्न मुलाने विचारला तर शिकवण्याचे सार्थक झाले असे समजावे. विचारला नाही तर आपण विचारावा. चाके असलेले एकच खोके एकदा रिकामे आणि एकदा भरलेले ढकलायला द्यावे. भरलेल्या खोक्याला तेवढाच वेग द्यायचा तर जास्त जोर लावावा लागतो. जड वस्तू हलायला तितकीच नाखूष असते. यालाच मोठ्या वर्गांत जडत्व म्हणतात. दुप्पट जड वस्तूला पृथ्वी दुप्पट जोराने ओढते, पण तिची नाखुषीही दुप्पट असते, म्हणून वेग सारखाच वाढत जातो. हवेचा अडथळा सोडला तर पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ हा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढतो, मग वस्तू कोणतीही असो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आणखी एक युक्तिवाद फार आवडतो. एकसारखे दोन गोळे शेजारी शेजारी पडत आहेत. आता त्यांच्यामध्ये एक बारीक दोरा बांधला. दोन्ही मिळून एकच, दुप्पट जड वस्तू झाली. केवळ दोरा बांधल्यामुळे ते अचानक जास्त वेगाने पडू लागतील का? येथे उत्तर देण्याची घाई करू नये.

हे सर्व झाल्यावरच अपोलो १५ मोहिमेतले चित्रीकरण दाखवावे. १९७१ मध्ये अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले, आणि दोन्ही एकाच क्षणी जमिनीला टेकले.

सावधगिरी: हे चित्रीकरण आधी दाखवले तर ‘चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसते म्हणून असे झाले’ असा अगदी उलटा अर्थ मुले काढतात. पाहून झाल्यावर लगेच विचारावे: ‘ओढ नसती तर हातोडा पडला असता का?’ चंद्रावर हवा नाही, ओढ आहे. हवेच्या दाबामुळे वस्तू खाली राहतात, ही दुसरी नेहमीची चुकीची समजूतही याच एका प्रश्नाने निकालात निघते.

## टप्पा ५: आता नाव द्यावे

ओढ कळली, तिची दिशा कळली, ती सर्वांवर असते हे कळले. आता ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द सांगावा आणि त्याची फोड करावी. मराठी मुलांना ‘गुरू’ म्हटले की शिक्षक किंवा ग्रह आठवतो, आणि काही मुले मनोमन असे ठरवतात की ही ओढ गुरू ग्रहाकडून येते. येथे गुरुत्व म्हणजे जडपणा, हे स्पष्टपणे सांगावे.

मग नियम साध्या शब्दांत सांगावा: प्रत्येक वस्तू प्रत्येक दुसऱ्या वस्तूला ओढते, वस्तूंमध्ये द्रव्य जितके जास्त तितकी ओढ जास्त, आणि अंतर जितके जास्त तितकी ओढ कमी. शेजारी बसलेली दोन मुलेसुद्धा एकमेकांना ओढतात, पण ती ओढ एका डासाच्या वजनाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असते, म्हणून जाणवत नाही. तरीही अशी ओढ मोजता येते; हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधली ओढ मोजून दाखवली. मुलांना हे ऐकून विलक्षण आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. चेंडूही पृथ्वीला तेवढ्याच जोराने वर ओढतो. पृथ्वी इतकी जड आहे की ती जागची हलल्याचे कळतही नाही.

वजन आणि वस्तुमान यांतला फरकही येथेच घ्यावा. बोलताना आपण किलोच्या आकड्याला ‘वजन’ म्हणतो, त्यामुळे पाठ्यपुस्तकातली व्याख्या मुलांना कृत्रिम वाटते. त्याऐवजी उदाहरण द्यावे. पृथ्वीवर ३० किलो दाखवणारा स्प्रिंगचा काटा त्याच मुलासाठी चंद्रावर सुमारे ५ आणि मंगळावर सुमारे ११ दाखवेल. मूल तेच, त्याच्यातले द्रव्य तेवढेच. बदलली ती ओढ. जे बदलले नाही ते वस्तुमान, जे बदलले ते वजन.

नेहमीची चूक: ‘पृथ्वी फिरते म्हणून आपण तिला चिकटून राहतो’ असे सांगणे. प्रत्यक्षात फिरण्याचा परिणाम उलट असतो; त्यामुळे विषुववृत्तावर वजन किंचित कमी भरते.

## टप्पा ६: चंद्र पडत का नाही

सुरुवात नाण्यांपासून करावी. टेबलाच्या कडेवर पट्टी अशी ठेवावी की तिचे एक टोक कडेबाहेर राहील. बाहेरच्या टोकावर एक नाणे ठेवावे, दुसरे नाणे टेबलावर कडेजवळ पट्टीला लागून ठेवावे. पट्टीला आडवा झटका दिला की टेबलावरचे नाणे दूर फेकले जाते आणि पट्टीवरचे जवळजवळ सरळ खाली पडते. कोणते आधी पोहोचेल? अंदाज लिहून घ्यावा आणि आवाज ऐकावा. दोन्ही एकदम पोहोचतात. आडवे जाणे आणि खाली पडणे या दोन गोष्टी एकाच वेळी, एकमेकींच्या आड न येता घडतात, हे या प्रयोगातून शिकायचे आहे. नीट जमेपर्यंत झटका देण्याचा सराव आधी स्वतः करून ठेवावा.

मग पृथ्वीचे चित्र काढून तिच्यावर एक खूप उंच डोंगर काढावा. डोंगरावरून चेंडू हळू फेकला तर जवळ पडतो, जोरात फेकला तर दूर पडतो. आणखी जोरात फेकला तर? येथे पृथ्वीच्या गोलाईचा आकडा सांगावा: सरळ रेषेत ८ किलोमीटर गेल्यावर जमीन त्या रेषेपासून सुमारे ५ मीटर खाली वळलेली असते. आणि पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात जवळजवळ तेवढीच, ४.९ मीटर पडते. म्हणून हवा आडवी आली नाही तर सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने आडवा निघालेला चेंडू जेवढा पडतो तेवढीच जमीन त्याच्यापासून दूर वळते. तो पडतच राहतो, पण पोहोचत कधीच नाही. हे कळल्यावर मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. त्या क्षणी आपण गप्प राहावे.

चंद्राचेही हेच आहे. तो पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे आणि सेकंदाला सुमारे १ किलोमीटर वेगाने आडवा जातो. तेवढ्या अंतरावर ओढ क्षीण असल्यामुळे एका सेकंदात तो सरळ मार्गापासून पृथ्वीकडे फक्त १.४ मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्याला वाटोळ्या वाटेवर ठेवायला तेवढे पुरते.

नेहमीची चूक: ‘आत ओढणारे आणि बाहेर ढकलणारे बळ एकमेकांना तोलतात’ हे स्पष्टीकरण. बळे खरोखर तोलली गेली असती तर चंद्र सरळ रेषेत निघून गेला असता. दोऱ्याला मऊ चेंडू बांधून मोकळ्या जागेत फिरवावा आणि दोरा सोडावा: चेंडू केंद्रापासून सरळ बाहेर जात नाही, तर सुटताना ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने निघून जातो. फिरवताना इतरांना दूर उभे करावे.

तपासणी: ‘चंद्राचा आडवा वेग अचानक शून्य झाला तर काय होईल?’ उत्तर ‘सरळ पृथ्वीवर येऊन पडेल’ असे आले पाहिजे.

## टप्पा ७: अंतराळवीर तरंगतात ते कशामुळे

‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते’ हे वाक्य घरात आणि वर्गात कोणीही उच्चारू नये, असे मला मनापासून वाटते, कारण सहाव्या टप्प्यात जे उभे केले ते सगळे हे एक वाक्य पाडून टाकते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वी म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घेतला तर ते स्थानक त्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम १ सेंटिमीटर वर येईल. चंद्र मात्र ८ सेंटिमीटरचा चेंडू होऊन ९ मीटर दूर असेल. ही मापे खोलीत किंवा अंगणात प्रत्यक्ष मांडून दाखवावीत. १ सेंटिमीटर वर गेल्याने ओढ संपेल, असे मग कोणालाही वाटत नाही. तेथे ती जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते.

मग तरंगणे कशाचे? पेल्याच्या तळाजवळ पेन्सिलीने भोक पाडून त्यावर बोट धरावे आणि पेला पाण्याने भरावा. बोट काढले की धार लागते. आता विचारावे: पेला उंचावरून सोडून दिला तर पडताना धार चालू राहील का? सोडताच धार थांबते. पाणी आणि पेला सारख्याच वेगाने पडत असल्यामुळे पाणी पेल्यावर दाबच देत नाही. ओढ नाहीशी झालेली नाही. उलट ओढीमुळेच दोन्ही पडत आहेत. अंतराळवीर आणि त्यांचे यान यांचेही हेच: दोन्ही पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने आणि दर दीड तासाला एक फेरी या हिशेबाने.

यानंतर सर्वांत चांगला प्रश्न विचारावा: तोच पेला वर उडवला, तर वर जाताना धार येईल का? मोठी माणसेही येथे चुकतात. हात सुटल्यापासून पेला वर जात असतानासुद्धा धार थांबलेलीच असते, कारण त्या क्षणापासून पेला आणि पाणी यांचा वेग सारखाच बदलत असतो. हा प्रयोग बाहेर करावा आणि काचेचा पेला कधीही वापरू नये.

## ‘पण पृथ्वी ओढतेच का?’

हा प्रश्न येणारच, आणि तेथे शब्दांची भिंत उभी करू नये. ओढ किती असते आणि ती कशी बदलते हे माणसाला फार अचूक सांगता येते, ती का असते याचा शोध अजून चालू आहे, हे उत्तर लहान मुलाला देणे पूर्ण प्रामाणिक आहे. मोठ्या मुलाला सांगता येईल की १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात आणि त्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असा सिद्धान्त मांडला.

त्यासाठी ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवून भोवती गोट्या फिरवण्याचे प्रात्यक्षिक सर्रास दाखवले जाते. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ते दाखवू नये. गोळा चादरीत रुततो तो पृथ्वीच्या ओढीमुळेच, म्हणजे जे समजावायचे तेच कारण म्हणून वापरले जाते. शिवाय घर्षणामुळे गोट्या हळूहळू मध्याशी येऊन पडतात आणि ग्रहही असेच सूर्यात पडणार, असे मुलांना वाटू लागते.

## शेवटची तपासणी

शेवटच्या बैठकीनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग पहिल्या टप्प्यातले चित्र बाहेर न काढता तसेच नवे चित्र काढायला सांगावे: चार माणसे, चार दगड, चार बाटल्या. नंतर दोन्ही चित्रे शेजारी ठेवून काय बदलले ते मुलालाच सांगू द्यावे. दगड बरोबर असतील पण बाटल्यांतले पाणी अजूनही कागदाच्या तळाकडे असेल, तर दुसरा टप्पा पुन्हा घ्यावा. या वेळी ओळंब्याबरोबर पाण्याची खरी बाटलीही हातात द्यावी आणि ती तिरकी केली तरी आतल्या पाण्याची पातळी ओळंब्याच्या दोऱ्याशी काटकोन कसा राखते, ते मुलाला निवांतपणे पाहू द्यावे.